टेक्सासमध्ये नवं क्लिनिक: क्रेडेन्शियलिंग, पेअर एनरोलमेंट आणि इफेक्टिव्ह डेट

ब्राझोसकाठ

टेक्सासमध्ये स्वतःचं क्लिनिक काढणारे डॉक्टर-फिजिओ या संस्थळावर आहेत आणि त्यांच्या एनरोलमेंटची (विमा योजनांकडे नोंदणीची) कामं पुण्या-नाशकात रात्रपाळीत करणारेही आहेत. दोघांचे प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत विखुरलेत, म्हणून हा एक धागा. फक्त टेक्सासपुरतं लिहितोय. प्रत्येक राज्याचं मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांची सरकारी आरोग्य योजना) वेगळं असतं, सरसकट लिहून उपयोग नाही.

आधी मुळातला गोंधळ. 'क्रेडेन्शियलिंग अप्रूव्ह झालं' असं पत्र आलं की लोक पेशंट घ्यायला लागतात. प्रत्यक्षात कामं तीन असतात. पहिलं पडताळणीचं: लायसन्स, पदवी, रेसिडेन्सी, बोर्ड (विशेषज्ञतेचं प्रमाणपत्र), मालप्रॅक्टिस विमा (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठी), नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेतली नोंद हे सगळं पेअर (बिलाचे पैसे देणारी विमा कंपनी किंवा सरकारी योजना) मूळ स्रोताकडून तपासतो आणि कमिटीपुढे ठेवतो. दुसरं कराराचं: तुमच्या ग्रुपचा टॅक्स आयडी पेअरशी करारबद्ध होतो, फी शेड्यूल ठरतं. तिसरं लोडिंगचं: डॉक्टरचा एनपीआय (राष्ट्रीय ओळख क्रमांक), ग्रुपचा एनपीआय, टॅक्स आयडी आणि क्लिनिकचा पत्ता हे चारही पेअरच्या यंत्रणेत एकमेकांना जोडले जातात. क्लेम (पेअरकडे पाठवलेलं बिल) तपासणारी यंत्रणा फक्त हे तिसरं बघते. त्यामुळे फोनवर विचारायचा प्रश्न एकच: "या टॅक्स आयडीखाली, या पत्त्यावर, या एनपीआयची इफेक्टिव्ह डेट काय?" म्हणजे कोणत्या तारखेपासूनच्या क्लेमचे पैसे मिळतील. उत्तर लेखी घ्यायचं.

क्रम असा ठेवा. आधी कंपनी (टेक्सासात लायसन्सधारी व्यावसायिकांसाठी बहुधा पीएलएलसी किंवा पीए या प्रकारची) आणि आयआरएसकडून (फेडरल कर खातं) ईआयएन, म्हणजेच टॅक्स आयडी. मग एनपीआय: व्यक्तीचा टाइप १, संस्थेचा टाइप २. मग बँक खातं, क्लिनिकची जागा, मालप्रॅक्टिस. मग सीएक्यूएचची (पेअर वापरतात ती डॉक्टरांच्या माहितीची सामाईक ऑनलाइन नोंद) प्रोफाइल पूर्ण करून अ‍ॅटेस्ट करायची, म्हणजे माहिती बरोबर असल्याची ग्वाही द्यायची. त्यानंतर मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची फेडरल आरोग्य योजना), पाठोपाठ मेडिकेड. खासगी पेअरचे अर्ज मेडिकेअरसाठी थांबवू नका, समांतर चालू द्या.

मालप्रॅक्टिसबद्दल टेक्सासची खासियत: इथे २ लाख/६ लाख डॉलरची (एका दाव्यासाठी/वर्षभरात एकूण) पॉलिसी बरीच प्रचलित आहे. न्यू जर्सीसारख्या राज्यातून आलेले लोक १० लाख/३० लाख धरून चालतात आणि गरज नसताना जास्त प्रीमियम भरतात. उलटंही होतं. एखाद्या करारात वरची मर्यादा मागितलेली असते आणि प्रमाणपत्र २/६ चं जोडलेलं असतं. पॉलिसी घेण्याआधी ज्या ज्या पेअरकडे जायचंय त्यांची अट वाचून घ्या.

जाणकारांनी भर घालावी.

देशस्थ_डॅलस

छान सुरुवात. नावाबद्दल भर घालतो, कारण मेडिकेअरचे निम्मे खोळंबे तिथेच होतात असं माझं मत आहे.

ईआयएन मिळाल्यावर आयआरएसकडून सीपी-५७५ नावाचं पत्र येतं. त्यावर कंपनीचं नाव ज्या अक्षरांत आहे, त्याच अक्षरांत ते पुढे सगळीकडे गेलं पाहिजे. आयआरएस स्वल्पविराम आणि टिंबं गाळते. राज्याच्या नोंदणीपत्रावर स्वल्पविरामासकट पीएलएलसी, आयआरएसच्या पत्रावर बिनस्वल्पविराम, बँकेनं खात्यावर पीएलएलसी टाकलंच नाही आणि पाटीवर तिसरंच नाव, अशी परिस्थिती अगदी नेहमीची. मेडिकेअरच्या अर्जात 'लीगल बिझनेस नेम' सीपी-५७५ प्रमाणे द्यायचं आणि पाटीवरचं नाव 'डूइंग बिझनेस अ‍ॅज' मध्ये. ईएफटीचा (पैसे थेट खात्यात जमा होण्याचा) फॉर्म सीएमएस-५८८ (सीएमएस म्हणजे मेडिकेअर चालवणारी संस्था), त्यासोबतचा रद्द केलेला चेक किंवा बँकेचं पत्र, यावरही तेच कायदेशीर नाव हवं. बँकेला सुरुवातीलाच सीपी-५७५ दाखवून खातं उघडा, नंतर बदलायला आठवडे जातात. सीपी-५७५ हरवलं असेल तर आयआरएसला फोन करून १४७सी पत्र मागवता येतं, ते चालतं.

आणि डब्ल्यू-९ (टॅक्स आयडी कळवण्याचा आयआरएसचा फॉर्म) नवीन सहीचा ठेवा. दोन वर्षांपूर्वीचा डब्ल्यू-९ आणि त्यावर जुना पत्ता असला की करार विभाग अर्ज बाजूला ठेवतो आणि कळवतही नाही.

मृण्मयी_ऑस्टिन

ब्राझोसकाठ, एक नेमका प्रश्न. इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी ३० जूनला संपते, १ ऑगस्टपासून सॅन अँटोनियोच्या चालू असलेल्या ग्रुपमध्ये रुजू व्हायचंय. ग्रुपचे करार आहेतच. अर्ज केव्हा टाकायचे? रेसिडेन्सीचं पूर्णतेचं पत्र तर ३० जूनशिवाय मिळणार नाही.

ब्राझोसकाठ

तीन घड्याळं वेगवेगळी आहेत.

मेडिकेअरमध्ये काम सुरू होण्याच्या ६० दिवस आधीपर्यंत अर्ज घेतात. म्हणजे १ ऑगस्टसाठी जूनच्या सुरुवातीला. पण त्या वेळी हातात टेक्सासचं पूर्ण लायसन्स हवं. रेसिडेन्सीतलं फिजिशियन-इन-ट्रेनिंग परमिट यासाठी चालत नाही. म्हणून खरी घाई टेक्सास मेडिकल बोर्डाच्या लायसन्सची करायची. तिथली ज्युरिसप्रूडन्स (वैद्यकीय कायद्यांची) परीक्षा शेवटाला ठेवू नका. मेडिकेअरची इफेक्टिव्ह डेट म्हणजे अर्ज दाखल झाल्याची तारीख किंवा त्या जागी काम सुरू केल्याची तारीख, यातली नंतरची. अर्ज दाखल म्हणजे मंजूर होण्याजोगा अर्ज सहीसकट पोचला तो दिवस. ठरावीक परिस्थितीत त्याच्या आधीच्या ३० दिवसांचं बिलिंग करता येतं, पण नियोजन त्या ३० दिवसांवर करू नका. ती सवलत उशीर झालाच तर वापरायची.

खासगी पेअरकडे मागची तारीख साधारणपणे मिळत नाही. कमिटीची किंवा कराराची तारीख तीच तुमची. तिथे ९० ते १२० दिवस धरून चाला. अर्ज एप्रिलमध्ये टाकून रेसिडेन्सीच्या जागी 'अपेक्षित पूर्णता ३० जून' लिहिता येतं. प्रोग्रॅमचं पत्र आलं की त्याच दिवशी सीएक्यूएचवर चढवून पुन्हा अ‍ॅटेस्ट करा आणि पेअरला कळवा. देशभरातल्या बहुतेक रेसिडेन्सी एकाच सुमारास संपतात, त्यामुळे जुलैत अर्ज टाकणाऱ्याला रांगेच्या शेवटी उभं राहावं लागतं.

तिसरी गोष्ट खास टेक्सासची. विमा कायद्याच्या प्रकरण १४५२ मध्ये डॉक्टरांसाठी जलद क्रेडेन्शियलिंगची तरतूद आहे. ग्रुपचा पेअरशी करार चालू असेल, डॉक्टरकडे टेक्सासचं लायसन्स असेल, सगळी कागदपत्रं दिली असतील आणि ग्रुपच्या कराराच्या अटी मान्य असतील, तर अर्ज प्रलंबित असतानाही पेअरनं पैसे देण्यापुरतं त्या डॉक्टरला नेटवर्कमधला मानायचं असतं. तुमच्या उदाहरणाला हे नेमकं लागू पडतं. मात्र ते मागावं लागतं, अर्जासोबत लेखी विनंती जोडा.

गोदाकाठ

जलद क्रेडेन्शियलिंगबद्दल थोडा सावधपणा. पुढे कमिटीनं डॉक्टर नाकारला तर इन-नेटवर्क आणि आउट-ऑफ-नेटवर्क दरांतला फरक पेअर परत मागू शकतो, आणि तो फरक पेशंटकडून वसूल करता येत नाही. रेसिडेन्सीतून थेट आलेल्या डॉक्टरच्या बाबतीत नाकारलं जाण्याची भीती कमी. मागे मालप्रॅक्टिसचे क्लेम किंवा बोर्डाची कारवाई असेल तर ग्रुपनं आधी विचार करावा. शिवाय डिरेक्टरीत नाव प्रलंबित काळात येईलच असं नाही, पेशंट शोधायला गेला तर सापडणार नाही. मेडिकेअरला हा राज्याचा कायदा लागू नाही.

मृण्मयी_ऑस्टिन

धन्यवाद दोघांना. ग्रुपमधल्या काहींचं म्हणणं असं की तोवर सीनियर डॉक्टरच्या एनपीआयवर बिल करू, सगळेच करतात.

ब्राझोसकाठ

करू नका. क्लेमवर रेंडरिंग (प्रत्यक्ष सेवा देणारा) म्हणून ज्याचा एनपीआय आहे त्यानं ती सेवा दिली असं तुम्ही लिहून देता. ते खोटं असेल तर सरकारी पैशांच्या बाबतीत फॉल्स क्लेम्स कायद्याखाली येतं, आणि 'एनरोलमेंट बाकी होती' हा बचाव होत नाही.

'इन्सिडंट-टू' चं (दुसऱ्यानं दिलेली सेवा देखरेख करणाऱ्या डॉक्टरच्या नावानं बिल करण्याची सोय) नाव इथे हमखास पुढे येतं. त्यासाठी पेशंटची उपचारयोजना सुपरवायझिंग डॉक्टरनं आधी आखलेली असावी लागते आणि त्याची थेट देखरेख लागते. नवीन पेशंट किंवा जुन्याच पेशंटची नवीन तक्रार त्यात बसत नाही. स्वतंत्रपणे पेशंट बघणाऱ्या नव्या डॉक्टरला झाकायला ते नाही. लोकमचं क्यू६ मॉडिफायरही (क्लेमवरची खूण) अनुपस्थित डॉक्टरच्या जागी तात्पुरत्या आलेल्यासाठी, सलग ६० दिवसांपर्यंत. नव्यानं नोकरीत घेतलेल्यासाठी नव्हे. एखाद्या खासगी पेअरचं धोरण याहून सैल असेल, तर ते त्यांच्याच प्रोव्हायडर मॅन्युअलमधून किंवा लेखी उत्तरातून दाखवता आलं पाहिजे.

कायदेशीर मार्ग साधा आहे: नव्या डॉक्टरच्या वेळापत्रकात ज्या पेअरची तारीख आली तेच पेशंट लावायचे. फ्रंट डेस्कवर पेअर आणि तारीख असा एक तक्ता चिकटवून ठेवा, दर शुक्रवारी अद्ययावत करा. मेडिकेअरचा अर्ज दाखल झाला असेल तर त्या तारखेनंतरचे क्लेम धरून ठेवता येतात, मेडिकेअरला सेवेच्या तारखेपासून एक वर्षाची मुदत आहे.

तिसरी_पाळी

पुण्याहून हे काम करणाऱ्यांसाठी लिहिते. सीएक्यूएचमध्ये १२० दिवसांनी पुन्हा अ‍ॅटेस्ट करावं लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी प्रोफाइल बंद पडते. कारण स्मरणाची ई-मेल डॉक्टरच्या रेसिडेन्सीच्या जुन्या पत्त्यावर जात असते. पहिल्या दिवशी तो पत्ता बदलून घ्या. दुसरं कारण मालप्रॅक्टिसचं प्रमाणपत्र संपलेलं असणं. पॉलिसी नूतनीकरण होते, नवं प्रमाणपत्र कुणी चढवत नाही. ग्रुप पॉलिसी असेल तर नुसतं ग्रुपचं नाव असलेलं पान चालत नाही, डॉक्टरचं नाव असलेली यादी जोडायला हवी.

पेअरला त्या प्रोफाइलची परवानगी दिलीय का, तेही बघा. प्रोफाइल हिरवी दिसते, पण 'ऑथराइज' मध्ये तो पेअर नसतो आणि दोन महिने दोन्हीकडचे लोक एकमेकांची वाट बघत बसतात.

अजून एक, एनसीक्यूएच्या (विमा योजनांना मान्यता देणारी संस्था) जुलै २०२५ पासूनच्या निकषांत मान्यताप्राप्त योजनांसाठी पडताळणी ग्राह्य धरण्याची मुदत १८० वरून १२० दिवसांवर आली आहे. म्हणजे अर्ज अर्धवट राहून लोंबकळला तर आधी केलेली पडताळणी शिळी होते आणि परत करावी लागते. कागद हप्त्याहप्त्यानं पाठवण्याची सवय आता महागात पडते.

आता खास आपल्याकडच्या डॉक्टरांचा प्रश्न: नाव. महाराष्ट्रात मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. समजा एमबीबीएसच्या पदवीवर 'जोशी मीनल सुरेश' असं आडनाव आधी आहे, ईसीएफएमजीच्या (परदेशी पदवीच्या डॉक्टरांना अमेरिकेसाठी प्रमाणित करणारी संस्था) प्रमाणपत्रावर मीनल सुरेश जोशी, आणि टेक्सासच्या लायसन्सवर मीनल अनिकेत देसाई. इथल्या तपासनिसाला ही तीन वेगळी माणसं दिसतात. आडनाव बदललेलं त्याला समजतं, पण मधलं नावही कसं बदललं हे त्याला उमगत नाही.

उपाय: सोशल सिक्युरिटी, लायसन्स, डीईए (नियंत्रित औषधं लिहिण्याची फेडरल नोंदणी) आणि एनपीआय या चारही ठिकाणी आजचं नाव अक्षरशः सारखं करा, मधल्या नावाच्या आद्याक्षरासकट. एनपीपीईएसमध्ये (एनपीआयची नोंदवही) 'अदर नेम' मध्ये माहेरचं पूर्ण नाव, प्रकार 'फॉर्मर नेम'. सीएक्यूएचमध्ये 'इतर नावं' या जागी माहेरचं नाव आणि पदवीवरचा उलटा क्रम, दोन्ही. लग्नाचं प्रमाणपत्र कागदपत्रांत चढवा. ते फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह.

कॉलेजच्या नावाचंही असंच. पदवी विद्यापीठ देतं, शिक्षण कॉलेजात होतं. १९९८ मध्ये नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ सुरू झालं, त्याआधीच्या पदव्या पुणे, मुंबई, नागपूर अशा विद्यापीठांच्या. त्यामुळे एकाच कॉलेजच्या दोन डॉक्टरांच्या पदव्यांवर वेगळी विद्यापीठं असतात. ईसीएफएमजीच्या नोंदीत जे नाव आहे तेच सीएक्यूएचमध्ये निवडा, कारण परदेशी पदवीची पडताळणी बहुतेक पेअर तिथूनच करतात.

देशस्थ_डॅलस

+१. आणि एमबीबीएसनंतर यूएसएमएलईच्या (अमेरिकेतली डॉक्टरी लायसन्सची परीक्षा) अभ्यासात गेलेला काळ रिकामा सोडू नका. सहा महिन्यांहून मोठ्या खंडाचं स्पष्टीकरण लागतं. 'परीक्षेची तयारी आणि रेसिडेन्सीचे अर्ज, अमुक महिना ते तमुक महिना' एवढं एक वाक्य पुरतं, पण महिना आणि वर्ष हवं. फक्त वर्ष टाकलं तर गणित केल्यावर खंड अकरा महिन्यांचा दिसतो.

कॅटीकर

फिजिओथेरपीसाठी काही वेगळं आहे का? एकटीच मालक, एलएलसीऐवजी पीएलएलसी केली आहे, कॅटीमध्ये जागा घेतली आहे पण अजून सामान यायचंय.

गोदाकाठ

हो, मोठा फरक आहे. मेडिकेअर नव्या अर्जदारांना जोखमीच्या तीन पातळ्यांत टाकते. डॉक्टर मर्यादित पातळीत, फिजिओथेरपिस्ट मध्यम पातळीत. मध्यम म्हणजे न कळवता होणारी साइट व्हिजिट. माणूस येतो, दारावरची पाटी, कामाचे तास, आत उपकरणं आणि माणसं आहेत का ते बघतो, फोटो काढतो. जागा चालू स्थितीत नसेल तर अर्ज नाकारला जातो. म्हणून सामान येण्याआधी अर्ज टाकू नका. टाकल्यावर पाटीवर लिहिलेल्या तासांत दार उघडं आणि आत कुणीतरी हजर पाहिजे. 'सोम-शुक्र ८ ते ६' लिहून फक्त अपॉइंटमेंट असेल तेव्हाच येणाऱ्यांचं इथेच फसतं. तेवढेच तास लिहा जे पाळता येतील. पोस्ट बॉक्स किंवा भाड्याचा मेलबॉक्स प्रॅक्टिस लोकेशन म्हणून चालत नाही.

फॉर्मबद्दल: पीएलएलसीची एकटी मालक असाल आणि तिच्यामार्फतच बिल करणार असाल तर सीएमएस-८५५आय मध्येच भागतं, ग्रुपचा ८५५बी लागत नाही. दुसरी फिजिओ घेतलीत की चित्र बदलतं. पूर्वी रीअसाइनमेंटसाठी (बिलाचे पैसे ग्रुपच्या नावे करण्यासाठी) ८५५आर हा वेगळा फॉर्म होता, तो २०२३ मध्ये ८५५आय मध्ये विलीन झाला. जुन्या चेकलिस्ट वापरणारे अजून तो शोधत असतात. अर्जशुल्क डॉक्टर आणि फिजिओंना नाही, ते संस्थात्मक प्रोव्हायडरना आहे.

टेक्सासचा मॅक (मेडिकेअरचे अर्ज आणि क्लेम हाताळणारी कंत्राटी कंपनी) नोव्हिटास. अर्जात काही कमी असेल तर ते कळवतात आणि उत्तराला ३० दिवस मिळतात. त्यात उत्तर गेलं नाही तर अर्ज 'रिजेक्ट' होतो. 'रिजेक्ट' आणि 'डिनाय' यांत फरक आहे. डिनायवर अपील करता येतं. रिजेक्टवर अपील नाही, नवा अर्ज आणि दाखल तारीखही नवी. तीन महिन्यांपूर्वीची तारीख गेली की त्या तारखेच्या भरवशावर धरून ठेवलेले क्लेमही गेले. म्हणून अर्जातल्या संपर्क व्यक्तीच्या जागी रोज मेल बघणाऱ्या माणसाचं नाव घाला. त्या यादीत नसलेल्याला मॅक फोनवर अर्जाची माहितीही देत नाही.

तिसरी_पाळी

गोदाकाठ यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून. बॅक ऑफिसला डॉक्टरचा पेकॉसचा (मेडिकेअर नोंदणीचं पोर्टल) पासवर्ड देऊ नका, आम्हालाही तो नको असतो. सीएमएसच्या आय अँड ए (ओळख आणि प्रवेश) यंत्रणेत 'सरोगेट' नेमता येतो: बिलिंग कंपनीचं स्वतःचं खातं, डॉक्टरनं मंजुरी द्यायची, नको झालं की काढून टाकायचं. एनपीपीईएस आणि पेकॉस दोन्हीला ते चालतं. सही मात्र डॉक्टरचीच. पेकॉसमध्ये अर्ज भरून 'सबमिट' दाबल्यावर ई-सहीची मेल डॉक्टरला जाते आणि ती स्पॅममध्ये पडून राहते. बॅक ऑफिसच्या वहीत 'दाखल' अशी नोंद होते आणि मॅकला अर्ज मिळालेलाच नसतो. सही पडल्याचं पेकॉसमध्ये दिसल्याशिवाय दाखल म्हणू नका.

सोशल सिक्युरिटी नंबर, जन्मतारीख असलेले कागद साध्या ई-मेलनं किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मागू नका. आणि मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजच्या (खासगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या मेडिकेअरच्या) योजना पेशंटची माहिती अमेरिकेबाहेर हाताळली जाते का हे लेखी विचारतात. क्लिनिकनं ते दडवू नये.

कॅटीकर

खूप उपयोगी. मेडिकेड घ्यायचं ठरवलं तर?

ब्राझोसकाठ

टेक्सास मेडिकेडची नोंदणी टीएमएचपीकडे (राज्याच्या मेडिकेडचं कामकाज बघणारी संस्था), डिसेंबर २०२१ पासून पेम्स या पोर्टलवर. स्टार, स्टार प्लस, स्टार किड्स हे कार्यक्रम एमसीओ म्हणजे खासगी योजना चालवतात, पण टीएमएचपीची नोंदणी झाल्याशिवाय एमसीओ तुम्हाला घेत नाही. क्रम उलटा केलात तर एमसीओकडचा अर्ज नुसता पडून राहतो. बऱ्याच प्रोव्हायडर प्रकारांत टीएमएचपी आधी मेडिकेअरची नोंदणी मागतं. बालरोगतज्ज्ञांसारख्या मेडिकेअरचे पेशंट नसणाऱ्यांना त्यातून सूट मागता येते.

एमसीओंनी पूर्ण अर्ज आल्यापासून ९० दिवसांत क्रेडेन्शियलिंग संपवायचं असतं. यात 'पूर्ण' हा शब्द महत्त्वाचा. घड्याळ कधी सुरू झालं ते विचारून तारीख लिहून ठेवा. प्राथमिक पडताळणी टेक्सासच्या एमसीओंनी मिळून एकाच संस्थेकडे, व्हेरिसिसकडे, दिलेली आहे. त्यामुळे तिथून आलेला मेल जाहिरात समजून पुसू नका. अर्ज सीएक्यूएचमधून जात नसेल तर टेक्सासचा प्रमाणित फॉर्म एलएचएल२३४ सगळीकडे चालतो.

मेडिकेडचे क्लेम सेवेच्या तारखेपासून ९५ दिवसांत जायला हवेत. मेडिकेअरच्या वर्षभराची सवय असलेले बिलर इथे हमखास मुदत हुकवतात.

टॅक्सॉनॉमी कोड (व्यवसायाचा प्रकार दाखवणारा कोड) नीट बघा. फिजिओचा सर्वसाधारण कोड २२५१०० वरून सुरू होतो. पेम्समध्ये जो दिलाय, एनपीपीईएसमध्ये जो दिलाय आणि क्लेमवर जो जातोय, तिन्ही जुळले पाहिजेत. क्लेमच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना कोड राहतो आणि नोंदणी बिनचूक असूनही क्लेम परत येतात.

मेडिकेडचे पेशंट घ्यायचे नसतील तरी ज्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर दुसरीकडे थेरपी किंवा औषधं दिली जातात, त्या डॉक्टरला ऑर्डरिंग-रेफरिंग म्हणून नोंदणी लागते. तुमच्याकडे मेडिकेडचा पेशंट पाठवणारा डॉक्टर नोंदलेला नसेल तर क्लेम तुमचा अडतो, त्याचा नाही. पेशंट घेताना रेफर करणाऱ्याचा एनपीआय तपासा.

आणि दर महिन्याला स्टाफची नावं फेडरल ओआयजीच्या (महानिरीक्षक कार्यालय) आणि टेक्सासच्या स्वतःच्या, सरकारी योजनांतून वगळलेल्यांच्या यादीत तपासायची. दोन्ही वेगळ्या आहेत.

गोदाकाठ

क्लेमचं डिनायल (नकार) आलं की एनरोलमेंटचा दोष कसा ओळखायचा, यावर थोडं. कोड बी७ म्हणजे त्या तारखेला प्रोव्हायडर पात्र नव्हता. इथे सेवेची तारीख आणि इफेक्टिव्ह डेट शेजारी ठेवून बघायची. तारीख आधीची असेल तर क्लेम पुन्हा पाठवून काही होणार नाही, तारीख बदलून मिळते का ते बघावं लागेल. रिमार्क एन२९० म्हणजे रेंडरिंग प्रोव्हायडरचा एनपीआय गायब किंवा चुकीचा. सीएमएस-१५०० या क्लेमच्या फॉर्मवर २४जे रकान्यात डॉक्टरचा टाइप १, ३३ए मध्ये ग्रुपचा टाइप २ असं आहे का ते पाहा. हे उलटे पडलेले फार वेळा दिसतात. २४२ म्हणजे नेटवर्कबाहेर: डॉक्टर पेअरकडे आहे, पण तुमच्या टॅक्स आयडीला जोडलेला नाही. डॉक्टर आधीच्या ग्रुपमधून आला असेल तर बहुधा हेच. पेअरच्या लेखी तो अजून तिकडेच असतो. अशा वेळी नवं क्रेडेन्शियलिंग लागत नाही, ग्रुपमध्ये जोडण्याचा छोटा फॉर्म लागतो. काही जण पूर्ण अर्ज नव्यानं टाकतात, मग एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात आणि त्या निस्तरायला मूळ कामापेक्षा जास्त वेळ जातो.

कॅटीकर

एका मोठ्या पेअरकडून उत्तर आलंय की या भागात फिजिओचं पॅनल बंद आहे, म्हणजे नवे फिजिओ घेत नाहीत. विषय संपला का?

देशस्थ_डॅलस

लगेच संपत नाही. नकाराच्या पत्रावर 'अपील' आणि 'पुन्हा अर्ज केव्हा' हे आहे का बघा. अपिलाच्या पत्रात 'आमची सेवा उत्तम आहे' वगैरे लिहू नका, नेटवर्कची गरज दाखवा. पेअरची स्वतःची डिरेक्टरी उघडा, तुमच्या पिनकोडच्या आसपासचे फिजिओ काढा, प्रत्येकाला फोन करून नवीन पेशंट घेतात का आणि पहिली तारीख कधीची देतात ते टिपा. नो सरप्राइजेस कायद्यानं डिरेक्टरी दर ९० दिवसांनी तपासण्याचं बंधन योजनांवर असलं तरी बंद पडलेली क्लिनिकं तिथे सापडतातच. तो तक्ता जोडा. मग तुमच्याकडे असलेलं आणि त्यांच्याकडे नसलेलं सांगा: पेल्व्हिक फ्लोअर, व्हेस्टिब्युलर, शनिवारचे तास, मराठी-हिंदी-गुजराती बोलणारी थेरपिस्ट. रेफर करणाऱ्या दोन-तीन डॉक्टरांची पत्रं मिळाली तर उत्तम.

आणि करार आला तर सही करण्याआधी तुमच्या सर्वाधिक वापराच्या उपचारांच्या कोडचे दर मागा. फिजिओसाठी ९७११०, ९७१४०, ९७५३०, ९७११२ आणि मूल्यमापनाचे ९७१६१ ते ९७१६३. 'मेडिकेअरच्या इतके टक्के' असं लिहिलं असेल तर कोणत्या वर्षाच्या मेडिकेअरच्या, हे विचारा. जुन्या वर्षाला बांधलेले करार असतात.

मृण्मयी_ऑस्टिन

अवांतर नाही, पण वेगळा प्रश्न. ग्रुप त्याच इमारतीत दुसऱ्या स्वीटमध्ये (गाळ्यात) जातोय. पत्ता तोच, फक्त स्वीट नंबर बदलतो. हे सगळीकडे कळवायचं का?

ब्राझोसकाठ

कळवायचं, आणि जाण्याआधीपासून. मेडिकेअरला प्रॅक्टिस लोकेशनचा बदल ३० दिवसांत कळवणं बंधनकारक आहे, स्वीट नंबरही त्यात धरा. दरम्यान जुन्या स्वीटवर साइट व्हिजिट झाली आणि तिथे कुणी नसलं तर बिलिंगचे अधिकार रद्द होण्यापर्यंत जातं.

क्रमानं सांगतो. डीईएचा पत्ता जाण्यापूर्वी बदलून मंजूर झालेला हवा, म्हणून तो पहिला. एनपीपीईएस बदल झाल्यावर ३० दिवसांत, तिथे दोन्ही एनपीआय: ग्रुपचा आणि प्रत्येक डॉक्टरचा. मग पेकॉस, पेम्स, सीएक्यूएच. सीएक्यूएचमध्ये प्रत्येक डॉक्टरच्या प्रोफाइलमध्ये लोकेशन स्वतंत्र असतं, एकाचं बदललं म्हणून बाकीच्यांचं बदलत नाही. मेडिकल बोर्ड आणि मालप्रॅक्टिस कंपनी विसरू नका, प्रमाणपत्रावर पत्ता असतो. खासगी पेअरकडे प्रत्येकाचा डेमोग्राफिक बदलाचा फॉर्म, सोबत नव्या पत्त्याचा डब्ल्यू-९. क्लिनिकमध्ये लॅब चालत असेल तर क्लियाच्या प्रमाणपत्रावरचा पत्ताही.

बिलिंग सॉफ्टवेअरमधला रकाना ३२ आणि ३३ (सेवेचा आणि बिलिंगचा पत्ता) सगळ्यात शेवटी बदला, आणि तोही पेअरनिहाय, ज्याची पुष्टी आली त्याचाच. सगळे एकदम बदलले तर ज्यांच्याकडे अजून जुना स्वीट आहे ते सगळे क्लेम परत पाठवतील. चेक अजून टपालानं येत असतील तर टपाल खात्याचं फॉरवर्डिंग लावून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. काही पेअरची पाकिटं फॉरवर्ड न होता पाठवणाऱ्याकडे परत जातात. सगळ्यांना ईएफटीवर आणायची हीच वेळ.

मृण्मयी_ऑस्टिन

डीईए पहिला हे माहीत नव्हतं. आज लगेच टाकायला सांगते.